वाळत घातलेला चेहरा

मी रंगवायला शिकले तो पहिला माणूस मरून तीनचारशे वर्षं झालेली होती. कुठल्या तरी थंड देशातला म्हातारा. डोक्यावर काळी टोपी, खुरटी पांढरी दाढी, आणि सगळ्या अंधारातून पुढे आलेलं तेवढं कपाळ आणि नाक. एका जुन्या कॅलेंडरचं पान चित्रकलेच्या सरांनी पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवलं होतं. त्यावरून मी तो तीनदा काढला. एकदा नुसत्या रेषेसाठी, एकदा उजेडासाठी, एकदा कातडीसाठी. दोनचार महिन्यांत सर मला समुद्र, होड्या, माड असं काहीतरी काढू देतील अशी माझी समजूत होती. सव्वा वर्ष त्या म्हाताऱ्यातच गेलं.

तिसऱ्या खेपेचा म्हातारा जरा बरा जमला म्हणून मी तो घरी आणला आणि खिळ्याला टांगला. दोन दिवसांनी कामावरून येऊन बघते तर आईने त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलेलं.

"हा बगतो," आई म्हणाली. "मी भाकरी थापते तवा बगतो, मी पडते तवा बगतो. ना वलख ना पालख."

गल्लीतल्या बायकांची चौकशी वेगळीच होती. आपल्यात तोंडं कमी पडली काय, म्हणून ही गोऱ्यांची तोंडं काढते? माझं डोकं लवकर तापतं हे सगळ्यांना माहीत आहे, तरी विचारतात. मी म्हटलं, आपली माणसं एका जागी बसत नाहीत, हा निदान हलत तरी नाही. त्या हसल्या, मीही हसले. खरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. चित्रकलेची ओढ वगैरे काही नव्हती. मला रविवारी घरात बसवत नव्हतं.

मी घरी असले की आई माझ्यापुढे पेपर ठेवायची. तिला वाचता येत नाही. "बग, काय आलाय का," एवढंच म्हणायची. हद्द ओलांडली म्हणून पलीकडच्या देशाने पकडून नेलेल्या मच्छीमारांची एखादी यादी, कोणी सुटून आल्याची बातमी, असं काही आहे का ते मी शोधायचं, आणि त्यात माझ्या भावाचं नाव आहे का ते बघायचं. मी पानं उलटायची, बोट ओळींवरून फिरवायची, आणि मान हलवायची. मग ती पेपर घडी घालून ठेवायची, सुकट बांधायला.

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. एका दिवाळीनंतर तो बोटीवर गेला, लांबच्या पाण्यात वारा सुटला आणि बोट उलटली. पाच जण होते. दोघांना दुसऱ्या बोटीने उचललं. दोघांची प्रेतं तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागली. दादा मिळाला नाही. वाचलेल्यांनी सांगितलं की तो एका निळ्या पिंपाला धरून होता आणि पाणी त्याला वर, गुजरातच्या अंगाला नेत होतं. आईने तेवढंच धरून ठेवलं. वर म्हणजे हद्दीकडे, हद्दीकडे म्हणजे तिकडच्या बोटीने उचलला असणार, उचलला म्हणजे तुरुंगात असणार, आणि तुरुंगातला माणूस आज ना उद्या सुटतोच.

त्यापुढचं मला माहीत होतं. वाचलेल्यांपैकी एक जण दहाव्या दिवशी बोईसरला माझ्या कंपनीच्या गेटवर येऊन उभा राहिला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, ते पिंप मागून आमच्याकडं आला. रिकामा आला. मी त्यालाच धरून वाचलो." मग बराच वेळ चपलेने खडी उकरत राहिला. "मला तुमच्या आयसमोर बोलाया जमला नाय. तुमी सांगा." त्यानंतर त्याने समुद्र सोडला. कुठेतरी टेम्पो चालवतो म्हणतात.

त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा आई कोणाकडून तरी ऐकून आली होती की तिकडचे लोक पकडलेल्यांना निदान जेवायला घालतात. ती मला ते सांगत होती, आणि बऱ्याच दिवसांनी तिने स्वतः चार घास खाल्ले होते. मी पाणी प्यायले आणि उद्या सांगू असं ठरवलं. मी भित्री होते, दुसरं काही नाही. एकदा उद्यावर टाकलेलं मग रोजच उद्यावर जाऊ लागलं.

वहिनी तेव्हा आमच्याकडेच राहायची. ती एडवणची. लग्नाला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. एडवणहून तिचे भाऊ दोनदा न्यायला आले, आणि दोन्ही वेळा आईने त्यांना चहा पाजून सांगितलं की येनाऱ्या मानसाची बायको कुनी घेऊन जातं काय. वहिनी राहिली. बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला जायची, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र, आणि संध्याकाळी आईसोबत वाळत घातलेली मासळी उचलायची. तिलाही मी काही सांगितलं नाही. तिचं वय चाललं होतं आणि ते मला दिसत होतं.

अशा घरातून रविवारी बाहेर पडायला काहीतरी कारण हवं होतं. आम्ही बोईसरच्या बाजूच्या माहीमचे, समुद्राच्या अंगाचे, आणि सर माहीमचेच पण वाडीतले. मध्ये अर्ध्या तासाचं चालणं. तिकडे सुपारी, पानवेली, पाटाचं पाणी आणि दिवसाउजेडीही गार सावली. सरांनी मला शाळेत तांब्या आणि पेला काढायला शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर वाडीतल्या पंपाच्या खोलीत ते तैलरंगांत काम करत बसायचे. मी जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "नोकरी काय करतेस?" मी सांगितलं, कापडाच्या रंगाच्या कंपनीत आहे, प्रयोगशाळेत शेड जुळवते. गिऱ्हाईकाचा नमुना येतो, तसाच्या तसा रंग आमच्या मालात उतरवायचा. "मग डोळा आहे," सर म्हणाले. "हात लावू या."

त्यांची पद्धत जुन्या लोकांची. स्वतःचं काही काढायचं नाही. आधी थोरांची नक्कल. चित्रावर चौकोन आखायचे, तेवढेच चौकोन कॅनव्हासवर आखायचे, आणि मूळ चित्र उलटं टांगून एकेक चौकोन उतरवायचा, म्हणजे आपण नाक काढतो आहोत की कान हे मनाला कळत नाही आणि ते मध्ये लुडबुड करत नाही. मग रंग. कातडीचा रंग एकदम लावायचा नाही. खाली एक मातकट हिरवा थर द्यायचा, तेल कमी आणि टर्पेंटाइन जास्त घालून. सगळा चेहरा, सावल्या, सुरकुत्या, ओठ, सगळं हिरव्यातच पुरं करायचं. तो आठवडेच्या आठवडे वाळू द्यायचा. मग त्यावर गुलाबी, पिवळा, तांबडा असे पातळ पातळ थर चढवायचे. खालचा हिरवा वरच्या गुलाबीतून किंचित दिसत राहतो, आणि म्हणून कातडी जिवंत वाटते. नुसता गुलाबी लावला तर बाहुली होते.

मला हे लगेच पटलं, कारण कंपनीत आमचा बिहारचा ऑपरेटर कुठल्याही शेडकडे बघून पहिलं वाक्य हेच बोलतो, "मैडम, थोड़ा हरा मार रहा है." हिरवा सगळीकडे लपलेला असतो. मात्र शिकल्यावर तो माझ्या डोळ्यात बसला. रिक्षात समोर बसलेल्या बाईच्या जबड्याखाली, कंपनीतल्या पोरींच्या डोळ्यांखाली, हसणाऱ्या माणसाच्या ओठांच्या कडेला मला खालचा थर दिसू लागला. वरचं सगळं नंतर चढवलेलं आहे आणि केव्हाही उतरेल असं वाटायचं. आई भाकरी थापताना चुलीच्या उजेडात वाकली की तिच्या गालांच्या खळग्यात तो दिसायचा, आणि मी नजर काढून घ्यायची. हे मी सरांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, होतं तसं सुरुवातीला. त्यांचं कधी गेलं ते त्यांनी सांगितलं नाही.

सरांचा एक कडक नियम होता. हिरव्या थरातलं चित्र घरच्या माणसाला दाखवायचं नाही. झाकून, भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. "आपल्याला माहीत असतं की हे अर्धं आहे," ते म्हणायचे. "बघणाऱ्याला ते पुरं वाटतं."

म्हाताऱ्यानंतर मी एक दाढीवाला शिपाई केला, मग एक हात जोडलेली बाई, मग पुन्हा एक म्हातारा. सगळे परके, सगळे मेलेले, आणि माझ्या हाताला त्यांचे डोळे, त्यांच्या भुवया पाठ झाल्या. अशा एका संध्याकाळी आईने भिंतीकडे फिरवलेला म्हातारा स्वतःच सरळ केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"दाडी बरी काडलीस ह्याची. तशी त्याला काड."

मला कळलं, पण मी न कळल्यासारखं केलं. मी म्हटलं, दादाचे फोटो आहेत की.

"फोटोतला पोरगा हाय तो. सा वर्सं झाली. तुरुंगात मानूस सुकतो, दाडी वाडते, केस जातात. उद्या दारात उबा रायला आनि मी वलखला नाय तं? तू आता कसा दिसत असंल तसा काड. मी रोज बगून ठेवीन."

माझ्या आईला एकाच गोष्टीची भीती होती, की तो येईल आणि तिला तो परका वाटेल. आणि हे ती मला सांगत होती. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हटलं, "काढते." वहिनी आतून ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "कानावर तीळ हाय, उजव्या. फोटोत नाय दिसत." आणि पुन्हा आत गेली.

चार महिने मी ते चित्र सरांच्या पंपाच्या खोलीत करत होते. लग्नाच्या फोटोत दादाच्या तोंडावर मुंडावळ्या आणि पावडर, आधार कार्डावर तर कोणीच स्वतःसारखा नसतो. तरी त्या दोन्हींतून मी रेषा काढल्या. जबडा आईचा घेतला. डोळ्यांखालच्या पिशव्या आरशात बघून माझ्या घेतल्या, त्या आमच्या घरात सगळ्यांना चाळिशीच्या आधी येतात. दाढी शिपायाची. सरांनी बघून मान डोलावली आणि म्हणाले, "त्या गोऱ्या कातडीखाली फिकट हिरवा चालतो. आपल्या सावळ्या कातडीखाली कुठला लागतो ते कुठल्या पुस्तकात नाही. तुझ्या डोळ्याने मिसळ."

मी मिसळला. मातकट हिरवा, पांढरा, कणभर काळा, थोडी पिवळी माती. तीनदा चुकला. चौथ्या वेळी बसला. कंपनीत शेड बसते तेव्हा पोटात एक खटका बसतो, तसाच बसला. आणि त्याबरोबर तो रंग मी कुठे पाहिला होता ते मला आठवलं. तिसऱ्या दिवशी जी दोन प्रेतं लागली ती ओळखायला मीच गेले होते. आईला धीर नव्हता आणि वहिनीला कोणी जाऊ दिलं नाही. वाळूत जुन्या जाळ्यावर त्यांना ठेवलं होतं, वर चादर. चादर दोनदा उचलली गेली आणि दोन्ही वेळा मी नाही म्हटलं, आणि दोन्ही वेळा मला आनंद झाला. त्यांच्या घरच्या बायका तिथेच उभ्या होत्या आणि मला आनंद झाला. तो आनंद मी विसरले नव्हते. रंगही विसरले नव्हते, हे मला त्या दिवशी पॅलेटवर कळलं.

पुसून टाकायला हवा होता. पण शेड जुळली होती, आणि जुळलेली शेड पुसणं माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं. मी तो थर लावत गेले. आणि दादा आला. मिटल्यासारखे डोळे, थोडे उघडे ओठ, थकलेला आणि कोणावरही न रागावलेला. कुठल्याही फोटोत तो इतका तो नव्हता. मी ब्रश खाली ठेवून वाडीत जाऊन बसले आणि पोटभर रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पाटाच्या पाण्याने तोंड धुऊन परत आले तेव्हा सर चित्रासमोर उभे होते. कोपऱ्यातलं धोतर घेऊन त्यांनी चित्र झाकलं.

पुढच्या आठवड्यात सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. ते मुलीकडे राहायला जाणार, पंपाची खोली बंद. मी चित्र चादरीत गुंडाळून रिक्षाने घरी आणलं, कपाटामागे तोंड भिंतीकडे करून ठेवलं, वर जुनी साडी टाकली, आणि आईला बजावलं की हात लावायचा नाही, अजून वाळतंय.

बोलताना मी विचार केला नाही की हे मी कोणाला सांगते आहे. आईचा जन्म वाळवण्यात गेला. बोंबील किती ऊन खातो, करंदी, ती बारीक कोळंबी, कधी परतायची, आभाळ कसं आलं की काय आधी उचलायचं, हे तिच्या हातात आहे. तीन आठवडे तिने वाट बघितली. रोज साडीखालून बोट घालून मागचं कापड चाचपायची. मला दोनदा म्हणाली, सावलीत का कुनी वाळवतात, वास मारंल. मी हसून सोडून दिलं. मग ऑक्टोबरचं कडक ऊन पडलं आणि एका सकाळी, मी पहिल्या पाळीला गेल्यावर, तिने चित्र बाहेर काढलं. वाळूत जुनं जाळं अंथरून त्यावर करंदी पसरलेली होती. तिच्यात थोडी जागा करून तिने चित्र आडवं ठेवलं, तोंड उन्हाकडे, आणि ऊन लागावं म्हणून वरची साडी ओढून घेतली.

उभं टांगलेलं असतं तर कदाचित ते सगळ्यांना चित्रच वाटलं असतं.

मी चारच्या सुमारास गल्लीत शिरले तर कोणाच्याच घरात चुलीचा धूर नव्हता. बायका ओट्यांवर बसलेल्या, सगळ्यांचे केस ओले आणि मोकळे. आमच्यात मौतीची खबर आली की आधी डोक्यावरून पाणी घेतात आणि त्या दिवशी चूल पेटत नाही. कोण गेलं, असं मी विचारणार होते. तेवढ्यात मला वाळूत तो दिसला. कोणीतरी गळ्यापर्यंत साडी पांघरली होती. शेजारी एक म्हातारी कावळे हाकत बसली होती, तशी ती रोजच मासळीजवळ बसते.

आई ओट्यावर होती. लुगड्यातून अजून पाणी गळत होतं. तिच्या चेहऱ्यावर रडणं नव्हतं. "आला तो," ती मला म्हणाली. "पान्यातून आला."

वहिनी उंबऱ्यावर बसली होती, दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून. तिच्या बांगड्यांचा विषय बायकांनी काढला होता, हे मला नंतर कळलं. फक्त तिनेच डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं. तिने माझ्याकडे मान वर करून विचारलं, "ताई, तुमी सांगा. हे चित्र हाय का खबर हाय?"

सगळ्या ओल्या केसांच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. जे सांगायला मला धीर नव्हता ते माझ्या हाताने सांगून टाकलं होतं, माझं काम फक्त हो म्हणणं होतं. तेवढंच. आणि मी शिकवणी घेतल्यासारखी बोलू लागले. मी म्हटलं, हा खालचा थर आहे, सगळ्यांचाच हिरवा असतो, त्या म्हाताऱ्याचाही होता, यावर अजून गुलाबी चढायचाय, तेल कमी टर्पेंटाइन जास्त. हातवारे करून सांगत होते. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

"म्हंजे चित्र," वहिनी म्हणाली.

"चित्र आहे."

बायका ओशाळल्या. एकेक करून उठल्या, कोणी कोणाकडे बघितलं नाही. वहिनीने हात पदराबाहेर काढले, बांगड्या होत्या, आणि ती मासळी उचलायला गेली. तिच्या चेहऱ्यावर सुटका होती की निराशा, मी ठरवू शकले नाही, बहुतेक दोन्ही. आईने मात्र मला जवळ बोलावलं. हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि विचारलं, "पका?" मी म्हटलं, पक्कं. तिने केस पिळून बांधले आणि चूल पेटवली. चहा केला. मी तो प्यायले.

त्यानंतर मी त्या चित्रावर तुटून पडले. त्याला लवकरात लवकर जिवंत करायचं, तो हिरवा झाकायचा, एवढंच डोक्यात. सर परत आल्यावर रविवारी तिकडे, आणि दिवाळीच्या सगळ्या सुट्टीत. गुलाबी चढवला, तांबडा चढवला, कपाळावर ऊन आणलं, डोळे उघडले, डोळ्यांत पाण्याचा थेंबभर उजेड ठेवला. जसजशी कातडी जिवंत होत गेली तसतसा दादा आत आत जाऊ लागला. मी त्याचे डोळे करायला जायची आणि हाताला पाठ असलेले कॅलेंडरवरच्या म्हाताऱ्याचे डोळे उतरायचे. पुसायची, पुन्हा तेच. दाढी शिपायाची, नजर म्हाताऱ्याची, आणि त्या सगळ्यांच्या खाली माझा भाऊ. सर नव्या डोळ्याने जवळून बघून म्हणाले, "कातडी मला कधी इतकी साधली नाही." एरवी मी त्या वाक्यावर महिनाभर जगले असते. त्या दिवशी मी ते ऐकलं आणि ब्रश धुवायला घेतले.

थंडी सरत आली तेव्हा चित्र पुरं झालं. एका रविवारी दुपारी मी ते घरी नेलं, स्टुलावर उभं केलं, दार पूर्ण उघडलं. आई समोर पाट घेऊन बसली. वहिनी आतल्या दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "बघ आये. आता बघ. जिता आहे."

आईने खूप वेळ बघितलं. "बेस झालाय," ती म्हणाली. "मानूस बोलंल असा वाटतो." मग अगदी सहज, शेजारच्या घरी आलेल्या पाहुण्याबद्दल विचारावं तसं, म्हणाली, "कोन हाय हा?"

ती पाटावरून उठून चित्राजवळ गेली. बोटाच्या पेराने गालावरून, कपाळावरून हात फिरवला, उजव्या कानाच्या तिळावर बोट थांबवलं.

"वरचा काड," ती म्हणाली. "खाली तो हाय."

"निघत नाही आये. वरचं काढलं तर खालचंही निघतं."

"मी बगितला होता त्याला," ती म्हणाली. "उनात. तूच काडला होतास. बगून काडल्याशिवाय असा येत नाय." ती माझ्याकडे वळली. आवाज चढला नव्हता. "तुला कवापासून ठाऊक होता?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाची उत्तरं तयार ठेवली होती, आणि वेळ आली तेव्हा खरं तेवढं एकच जवळ होतं. मी तिला कंपनीच्या गेटवर आलेल्या माणसाबद्दल सांगितलं. रिकाम्या पिंपाबद्दल सांगितलं. दहाव्या दिवसापासून, म्हटलं. आतल्या दारात बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मी तिकडे बघू शकले नाही. म्हटलं, तुला आस होती, ती मोडवेना. म्हटलं, मला वाटलं त्या आशेवर तू जगतेस.

आई परत पाटावर बसली. मी तिच्या पायाशी बसले आणि तिने मारावं, शिव्या द्याव्या म्हणून वाट बघत राहिले. ती माझ्या डोक्यावर हात ठेवून बसली होती, पण हात जड होता, ठेवून विसरल्यासारखा.

"म्हंजे सा वर्सं मी एकटीच वाट बगत होते," ती म्हणाली. "मला वाटायचा, आपुन दोगी बगतो."